नायिकेला विधवा करू नका

"ताई, जय ख्रिस्त. मी नगरची, माध्यमिक शाळेत शिकवते. वय 41. पाच वर्षांपूर्वी कोर्टातून घटस्फोट झाला. मुलगी बारा वर्षांची आहे, माझ्याजवळच असते. रात्री झोप येत नाही तेव्हा मी इंग्रजीतल्या ख्रिस्ती प्रेमकथा वाचते, बहीण अमेरिकेहून पाठवते. त्यांनी मला फार आधार दिला. असं मराठीत का नाही, या विचाराने स्वतःच लिहायला घेतलं. माझी नायिका करुणा घटस्फोटित आहे, मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे. नायक पास्कलही घटस्फोटित, वसईचा, कॅथलिक, शांत स्वभावाचा. आमच्या महिला मंडळात तीन प्रकरणं वाचून दाखवली. ज्येष्ठ बायका म्हणाल्या, छान लिहिलंयस, पण करुणेला विधवा कर, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही. पाळकसाहेबांनी बायबलमधला घटस्फोटाबद्दलचा अध्याय, मत्तय 19, पुन्हा वाच म्हणून सांगितलं. करुणेला विधवा करू का? देवानेच पास्कलला तिच्यासाठी पाठवलं, हे वाचकाला पटेल असं कसं दाखवू? आणि हे लिहून मी घटस्फोटाची बाजू तर घेत नाही ना?"

प्रिय ताई, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र, तीन प्रकरणं आणि पुढचा आराखडा, सगळं वाचलं. आधी महिला मंडळाच्या सूचनेबद्दल बोलू, कारण तुमचं मन तिथेच अडकलंय. करुणेला विधवा करू नका. त्या बायकांनी ते मायेनेच सुचवलं असणार, तुम्हाला बोलणी बसू नयेत म्हणून. पण करुणेच्या नवऱ्याला तुम्ही कादंबरीत मरण दिलंत, की तुम्ही जे सांगायला बसलात तेच तुमच्या हातून जाईल.

नवरा गेला की चर्चची मंडळी घरी येते. प्रार्थना होते, आठवडाभर कुणाकुणाकडून डबे येतात, स्मरणाच्या उपासनेत नाव घेतलं जातं. घटस्फोट झालेल्या बाईकडे डबा घेऊन कुणी येत नाही. जे येतात ते विचारायला येतात. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात करुणा उपासनेला मुद्दाम उशिरा पोचते आणि शेवटचं गीत सुरू झालं की बाहेर पडते, म्हणजे दाराशी कुणाशी बोलावं लागू नये. तीन प्रकरणांतलं सर्वांत खरं वाक्य ते आहे. विधवा करुणा अशी निघून गेली नसती, तिला दाराशी लोकांनी जवळ घेतलं असतं. शिवाय घटस्फोटात नवरा जिवंत असतो. सुट्टीत मुलीला न्यायला येतो, नात्यातल्या लग्नात समोरच्या पंगतीला बसलेला असतो. त्याच मंडळीचा सभासद असेल तर प्रभुभोजनाच्या रविवारी दोघं एकाच वेळी उठून पुढे जातात. ही गाठ विधवेच्या कथेत पडतच नाही. ती सोडवण्यासाठीच तर तुम्ही लिहायला बसलात.

इंग्रजी ख्रिस्ती प्रेमकथांनीही ही सोयीची वाट फार वापरली आहे. ज्या कादंबरीपासून या प्रकाराची आजची लाट सुरू झाली असं मानतात, ती जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची 1979 सालची कादंबरी. तिच्यात नायिकेचा नवरा प्रवासात मरतो आणि तिला आसरा देणारा माणूस विधुर असतो, त्याला एक लहान मुलगी असते. दोघांच्याही मागे मृत्यू आहे, म्हणून त्यांच्या लग्नावर धर्माच्या बाजूने एकही प्रश्न उठत नाही. त्यांच्याही आधीच्या ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल यांना या प्रकाराच्या आद्य लेखिकांत धरतात. त्यांचा पहिला नवरा वारला. दुसऱ्यापासून त्या वेगळ्या राहिल्या, पण घटस्फोट घेतला नाही. शेकडो घरांत ज्यांच्या प्रेमकथा वाचल्या गेल्या, त्या बाईच्या स्वतःच्या आयुष्यात हे मोडलेलं लग्न होतं, हे वाचल्यापासून मला त्यांच्याविषयी फार आपुलकी वाटते. अलीकडे इंग्रजी कथांत घटस्फोटित नायक-नायिका येऊ लागल्या आहेत. तुम्हाला ज्यांनी आधार दिला त्या बहुधा अशाच कथा असतील.

आणि आपल्याकडे बघा. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 सालची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण शाळेत तिचं नाव घोकतो. ती एका ख्रिस्ती लेखकाची आहे आणि तिचा विषय आहे नवरा गेलेल्या बाईचं पुढचं आयुष्य. यमुना प्रवासात विधवांचे हाल बघते, मग स्वतः विधवा होते, आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, म्हणजे जेमतेम वर्ष झालेलं. त्या काळात विधवेने पुन्हा लग्न करणं हीच तोंडातून काढायला अवघड गोष्ट होती. पदमनजींनी आपल्या काळातला सर्वांत अवघड प्रश्न उचलला. आज तुमच्या मंडळीत विधवेच्या दुसऱ्या लग्नाला कुणी नाक मुरडत नाही, म्हणूनच तर बायकांनी ती वाट सुचवली. पदमनजींचा वारसा सांगायचा असेल तर आजचा अवघड प्रश्न उचलायला हवा, आणि तो तुम्ही उचललेला आहेच. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे जरूर सांगा. मराठी ख्रिस्ती बायकांना या पुस्तकाचा अभिमान आहे, त्या ऐकून घेतील.

आता पास्कलकडे. देवाने त्याला पाठवलं हे कसं दाखवू, असं तुम्ही विचारलंत. माझा आग्रह आहे की ते दाखवू नका. कारण सांगते. करुणेच्या पहिल्या लग्नाच्या वेळी काय झालं होतं, हे तुम्ही तिसऱ्या प्रकरणात एका परिच्छेदात सांगून पुढे गेलात: स्थळ आलं, घरच्यांनी उपास-प्रार्थना केली, मामांना वचन मिळालं, सगळे म्हणाले ही देवाचीच इच्छा. ताई, तुमच्या कादंबरीचं काळीज तिथे आहे आणि तुम्ही तिथे थांबलाच नाहीत. ज्या बाईला एकदा 'देवाची इच्छा' म्हणून बोहल्यावर चढवलं, आणि त्या घरात तिने मार खाल्ला, तिच्यासमोर दुसऱ्यांदा कुणी 'देवाने पाठवलेला माणूस' म्हणून उभा राहिला तर तिला काय वाटेल? मला तर वाटतं ती घाबरून मागे सरेल. तिची ती भीती अविश्वास नव्हे, आणि तसं तिला कादंबरीत कुणीतरी सांगायला हवं. रात्री ती प्रार्थनेला बसते आणि पूर्वी ज्या शब्दांत मागायची ते शब्द तिला उच्चारवत नाहीत. देवाशी तिचं पुन्हा बोलणं सुरू होणं, हीच तुमच्या कथेतली पहिली प्रेमकथा आहे. ती पास्कलच्या येण्यावर टांगू नका.

मग पास्कलवर तिने विश्वास कसा ठेवायचा? एखादा समंजस माणूस ठेवतो तसा, वागणूक बघून. तो आपल्या पहिल्या बायकोबद्दल कसा बोलतो? त्याला राग येतो तेव्हा तो काय करतो? ती 'नको' म्हणाली तर दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड कसं असतं? तुम्ही त्याला शांत, देखणा, बासरी वाजवणारा केलंत, छान आहे, पण तो चिडलेला अजून एकदाही दिसला नाही. मार खाल्लेल्या बाईला पुरुषाच्या शांतपणावर सहज भरवसा बसत नाही. त्याला एकदा चिडू द्या. दवाखान्यातल्या बिलावरून असेल, चर्चमधल्या उपकारस्मरणाच्या सणातल्या लिलावावरून असेल. करुणेचे हातपाय गार पडू द्या. आणि मग तो माणूस राग असतानाही आवाज न चढवता बोलतो, बाहेर चक्कर मारून येतो, परत येऊन चूक कबूल करतो, हे तिला आपल्या डोळ्यांनी बघू द्या. माझ्या मते तुमच्या पावसातल्या भेटीपेक्षा हा प्रसंग वाचकाला जास्त आत नेईल.

या प्रकारच्या कथांत आणखी एक ठरलेला क्रम असतो: नायिका आधी देवात पूर्ण सावरते, तिच्या मनातली कटुता जाते, आणि मग बक्षीस मिळावं तसा नवरा मिळतो. तुमचा आराखडाही तसाच आहे. तुमची वाचक कोण असेल, तिचा विचार करा. पन्नाशीची, वीस वर्षांपूर्वी नवऱ्याने टाकलेली, पुन्हा लग्न न झालेली बाई हे पुस्तक हातात घेईल. तिचा विश्वास कमी पडला म्हणून तिला कुणी मिळालं नाही, असा अर्थ तिने काढला तर? तिच्यासाठी कथेत एक बाई ठेवा. करुणेची आत्या आहेच तुमच्याकडे, जी शिवणकाम करते आणि मोजकं बोलते. तिला एकटी, समाधानी आणि थोडी हट्टी राहू द्या. तिचं लग्न शेवटच्या प्रकरणात लावण्याचा बेत कृपा करून सोडा.

या आत्यामुळे कायद्याची गोष्टही सांगता येईल, आणि ती सांगायलाच हवी. आपल्या ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा 1869 चा. 2001 पर्यंत त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरत असे. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे, नुसता छळही पुरत नसे. बहुतेक वेळा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला छळ किंवा दोन वर्षं टाकून देणं, असं दोन्ही सिद्ध करावं लागे. त्यातून जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिलाच तर उच्च न्यायालयाने तो कायम करेपर्यंत तो पक्का होत नसे. निव्वळ मारहाण होत असेल तर बाईला फार तर कायद्याने वेगळं राहता येई, पुन्हा लग्न करता येत नसे. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या भेदावर बोट ठेवलं आणि 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला. तेव्हा कुठे स्त्री-पुरुषांना सारखी कारणं मिळाली आणि परस्परसंमतीची वाट उघडली. म्हणजे तुमची आत्या 1985 च्या सुमारास घर सोडून आली असेल, तर तिच्यापुढे करुणेइतके मार्गच नव्हते. तिचं मोजकं बोलणं कुठून आलं, हे वाचकाला तेव्हा कळेल. करुणेच्या तारखा, कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकासमोरची ती खुर्ची, पोटगीचा आकडा ऐकून मामांचं गप्प होणं, हेही तुम्ही टाळलंय. तुम्ही ते पाहिलंय. लिहा.

पास्कल कॅथलिक आहे, याचा मात्र तुम्ही पुरेसा विचार केलेला दिसत नाही. आराखड्यात नवव्या प्रकरणात फादर आनंदाने होकार देतात आणि वसईच्या चर्चमध्ये लग्न लागतं. हे असं होत नाही. कॅथलिक चर्च घटस्फोटाने लग्न संपलं असं मानत नाही. पास्कलचं पहिलं लग्न मुळातच वैध झालं नव्हतं, असा निर्णय धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाकडून त्याला घ्यावा लागेल. आणि अनेकांना हे ठाऊक नसतं की करुणेलाही तेच करावं लागेल. ती प्रोटेस्टंट असली तरी दोन बाप्तिस्मा झालेल्या माणसांचं लग्न कॅथलिक चर्च वैधच धरतं, त्यामुळे तिच्या पहिल्या लग्नाचीही तिथे तपासणी होते. साक्षीदार लागतात, जुन्या जखमा पुन्हा सांगाव्या लागतात. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली. पूर्वी एका न्यायालयाचा निर्णय दुसऱ्या न्यायालयाने कायम करावा लागे, ती सक्ती काढली. तरी वेळ लागतोच, आणि उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. उलट बाजूने, चर्चने लग्न रद्दबातल ठरवलं म्हणून सरकारदरबारी ते सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. दोन्ही दारं वेगवेगळी ठोठवावी लागतात.

याला अडचण समजू नका. तुमच्या कथेचा मधला भाग मला फिका वाटला होता, गैरसमज आणि त्याचं निरसन एवढंच त्यात आहे. इथे तुम्हाला खरा ताण मिळतो. पास्कलला त्याच्या मिस्सावर, त्याच्या चर्चवर जीव आहे. नोंदणी कार्यालयात विशेष विवाह कायद्याखाली लग्न करून मोकळं होता येईल, पण मग त्याला कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, घेता येणार नाही, आणि ते त्याला सोसवेल का? त्याच्यासाठी करुणेने आपल्या पहिल्या लग्नाची लक्तरं अनोळखी धर्मगुरूंपुढे मांडावीत का? यावर दोघं भांडतील, गप्प होतील, एकमेकांसाठी प्रार्थना करतील. विश्वास असलेल्या दोन माणसांचं प्रेम इथे कसाला लागतं. एवढ्याने धीर खचत असेल तर पास्कलला प्रोटेस्टंट करा, तेही चालेल. पण फादरांना खोटा होकार द्यायला लावू नका. वसईत तुमचं पुस्तक वाचणारी प्रत्येक बाई ते पान वाचून पुस्तक मिटेल.

मत्तय 19 चं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण त्यात तुमचीच झोप अडकली आहे. पाळकसाहेबांनी सांगितलेला अध्याय करुणेला वाचू द्या. तो कादंबरीतून गाळू नका. परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ यहुदी, येशूला विचारतात, कोणत्याही कारणावरून बायको टाकणं योग्य आहे का. प्रश्न पुरुष विचारताहेत आणि टाकली जाणार आहे बायको. नियमशास्त्रात सूटपत्र लिहून देणारा पुरुषच होता. येशू त्या सोयीला लगाम घालतो. हा अध्याय मार खाऊन घर सोडलेल्या बाईच्या तोंडावर फेकला जातो, तेव्हा तो कुणाला बोलला होता हे लोक विसरतात. जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकाचंही तसंच. देवाला सोडचिठ्ठीचा तिटकारा आहे एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायात, त्याच श्वासात, तारुण्यातल्या पत्नीशी विश्वासघात करू नका असं पुरुषांना बजावलंय, ते कुणी म्हणून दाखवत नाही. आणि पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात म्हणतो की विश्वास न ठेवणारा जोडीदार वेगळा होत असेल तर होऊ द्यावा, अशा प्रसंगी भाऊ किंवा बहीण बांधलेली नाही. यावरून पुनर्विवाहाला मोकळीक आहे की नाही, यावर मंडळ्यांमध्ये आजही एकमत नाही. तुमच्या पाळकांचं मत तुमच्यापेक्षा वेगळं असू शकेल. ते मत कादंबरीत मांडा, आणि मांडणाऱ्याला खलनायक करू नका. रात्री उशिरा अभ्यासाच्या टेबलाशी बसून, उत्तर न सापडलेला, पण करुणेच्या मुलीची शाळेची फी गुपचूप भरणारा पाळक मला जास्त ओळखीचा वाटेल.

एका गोष्टीवर मात्र ठाम राहा. व्यभिचारी बायकोला परत घेणाऱ्या होशेय संदेष्ट्याची गोष्ट सांगून मार खाल्लेल्या बाईला परत पाठवणारं पात्र तुमच्या पहिल्या प्रकरणात आहे, आणि तिथे निवेदनही त्याच्या बाजूला झुकतं, जणू करुणेने आणखी थोडी प्रार्थना केली असती तर घर वाचलं असतं. हे वाक्य काढा. तुमच्या वाचकांत कुणीतरी अशी असेल जी आज त्या घरात आहे. तुमचं वाक्य वाचून ती आणखी एक वर्ष थांबली तर काय होईल, याचा विचार करा. घर सोडणं हे तिचं पाप नव्हतं, असं कादंबरीत कुणीतरी स्पष्ट शब्दांत म्हटलं पाहिजे, शक्यतो आत्याने. यामुळे तुम्ही घटस्फोटाची बाजू घेतली असं होत नाही. तुम्ही त्या बाईची बाजू घेतलीत. शोमरोनी स्त्रीला पाच नवरे झालेले होते. येशूने ते तिच्या तोंडावर सांगितलं, आणि तरी विहिरीवर बसून तिच्याशी लांबलचक बोलला. तो एका स्त्रीशी बोलतोय हे बघून शिष्य आश्चर्यात पडले. मग तीच गावात जाऊन साक्ष देते आणि लोक तिचं ऐकतात. हे योहानाच्या चौथ्या अध्यायात आहे. तुमच्या पाळकसाहेबांशी बोलताना मत्तयाच्या शेजारी हाही अध्याय उघडा.

नवऱ्याबद्दल थोडंसं. तो प्रत्येक प्रसंगात प्यालेला आहे. असेलही. पण करुणेने त्याच्यावर कधीतरी प्रेम केलं होतं ना? साखरपुड्यानंतर त्याने तिच्यासाठी काय आणलं होतं, तो कशावर हसायचा, याची एखादी आठवण येऊ द्या. त्याशिवाय तिने काय गमावलं हे कळत नाही, आणि ती त्याला क्षमा करते ते प्रकरण कोरडं राहतं. क्षमा केली म्हणजे परत गेली पाहिजे असं नाही, हेही तिथेच येऊन जाईल.

भाषेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तुमची भाषा चांगली आहे. फक्त इंग्रजी पुस्तकांतली हवा झटका. नगरच्या मुलीला बर्फ पडताना प्रेम जाणवत नाही. नाताळच्या आधी गाणी म्हणत घरोघर फिरणारा तरुण संघ, 'उपासना संगीत'ची फाटलेली प्रत, रेव्हरंड टिळकांची भजनं, डिसेंबरातली नगरची कडक थंडी, एवढं तुमच्याकडे घरचं आहे.

शेवटी, तुमची मुलगी. करुणेलाही बारा वर्षांची मुलगी आहे, आणि ती आईचं लग्न ठरल्यावर दोन पानांत खूश होते. तुम्हीही जाणता की बारा वर्षांची मुलगी इतक्या लवकर खूश होत नाही. तिला रुसू द्या, वडिलांची बाजू घेऊ द्या, पास्कलने आणलेलं पुस्तक न उघडता परत करू द्या. त्यांचं जमलंच तर शेवटच्या पानानंतर जमू दे. आणि हस्तलिखित छापायला देण्याआधी तुमच्या लेकीला वाचायला द्या. तिचे वडील त्यात आहेत, तिचं घर त्यात आहे, उद्या शाळेत तिलाच प्रश्न विचारले जातील. ती ज्या प्रसंगावर बोट ठेवून 'हे नको' म्हणेल, तो कितीही चांगला उतरला असला तरी काढून टाका. तेवढ्याने कादंबरी अडणार नाही.

दुरुस्त केलेलं तिसरं प्रकरण मला जरूर पाठवा.

तुमची,
सदरलेखिका